नोकरी कोणी सोडली?

राजीनाम्याचा अर्ज लिहून देणे हे काम आमच्या वाट्याला वरचेवर येते. आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो, पण आमचे मराठी बरे आहे अशी मोहल्ल्यात समजूत आहे. त्यामुळे रेशनकार्डाच्या अर्जापासून राजीनाम्यापर्यंतचे कागद आमच्याकडे येतात. २०२० च्या दिवाळीनंतर आमचे एक स्नेही असेच आले. एका विनाअनुदानित शाळेत ते गणित शिकवीत. पगार ९,००० रुपये. टाळेबंदीत तो ४,५०० झाला आणि पुढे ३,०००. तास मात्र कमी झाले नव्हते, ते मोबाईलवर होत होते आणि मोबाईलचा खर्च मास्तरांच्याच खिशातून जात होता. विचारायला गेले तेव्हा 'परवडत नसेल तर बघा' एवढेच उत्तर मिळाले.

"सर, सोडतो. लिहून द्या," ते म्हणाले. कारण काय लिहू, असे आम्ही विचारले. "सगळे लिहितात तेच लिहा. उद्या अनुभवाचा दाखला त्यांच्याकडूनच घ्यायचा आहे."

आम्ही लिहिले की घरगुती कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे. अक्षर सुवाच्य होते. खोटे इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिता येते हे तेव्हा मनातही आले नाही.

२०२१ चा रमजान आला. मोहल्ल्यात जकातीच्या पैशातून मदत देणारी कमिटी आहे, त्यात यादी करायला आम्हालाही बसवतात. स्नेह्यांचे नाव निघाले. घरभाडे थकले होते, किराणा दुकानाचे देणे झाले होते. एक बुजुर्ग म्हणाले, "त्याने तर नोकरी स्वतःच सोडली. तंगीत सगळ्यांनी निभावून नेले. त्याने सबर करायला हवा होता." दुसरे म्हणाले, "ज्यांना काढून टाकले त्यांचा हक्क आधी." स्वेच्छेने हा शब्द कोणी उच्चारला नाही, पण तोच खोलीत फिरत होता. आम्ही गप्प बसलो. नाव यादीतून गेले.

तेव्हापासून हा प्रश्न सुटलेला नाही. पगार एक तृतीयांशावर आला म्हणून जो उठून जातो, त्याने नोकरी सोडली की नोकरीनेच त्याला सोडले?

सूरे तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यात फकीर आहे, मिस्कीन आहे, कर्जात बुडालेला आहे. माणूस गरीब कसा झाला याची चौकशी त्या यादीत नाही. धडधाकट, कमावत्या माणसाने हात पसरू नये ही शिकवणही खरी आहे आणि बुजुर्गांच्या मनात तीच असावी. पण आमचे स्नेही काम टाळत नव्हते. कामाचे मोल दोन तृतीयांश कापले गेले होते.

सरकारचीही चाळणी आमच्या कमिटीसारखीच निघाली. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली २०१८ साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. नोकरी गेलेल्या विमाधारकाला आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम. २०२० साली ती ५० टक्के झाली. मात्र बेकारी गैरवर्तनाची शिक्षा म्हणून किंवा स्वेच्छानिवृत्तीमुळे आलेली नसावी, अशी अट होती. अट वाजवी दिसते. पण स्वेच्छा कोणी ठरवायची? बाहेर काही ठिकाणी कायदा थोडा खोल गेला आहे. ब्रिटनच्या १९९६ च्या कायद्यानुसार मालकाने कराराला हरताळ फासला म्हणून कामगार निघून गेला, तर ती बडतर्फीच धरली जाऊ शकते. कॅलिफोर्नियात पगार २० टक्के किंवा अधिक कापला तर नोकरी सोडायला ते सबळ कारण आहे असे सामान्यतः मानतात आणि बेकारभत्ता मिळू शकतो. म्हणजे सही कोणाची, एवढे पाहून ते थांबत नाहीत.

मास्तरांचे आणखी वेगळे. १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षक औद्योगिक विवाद कायद्यातील 'कामगार' नाही. शिकवणे हे उदात्त कार्य आहे, ते अंगमेहनतीच्या किंवा कारकुनीच्या कामात बसत नाही. आम्ही उदात्त आहोत हे ऐकून बरे वाटते. किराणावाला मात्र ते वहीत मांडून घेत नाही.

फिकहच्या किताबांत इकराहचा, म्हणजे जबरदस्तीचा, स्वतंत्र बाब आहे. जबरदस्तीने करवून घेतलेली विक्री किंवा कबुली बंधनकारक ठरत नाही. तिथली जबरदस्ती तलवारीची आणि कैदेची आहे, पगारकपातीची नाही, हे आम्ही मान्य करतो. हनफी मतानुसार जबरदस्तीने वदवलेला तलाक मात्र पडतो. मोहल्ल्यात राजीनाम्याला हा तलाकचा नियम लागतो, असे आम्हाला कधी कधी वाटते. एकदा तोंडातून निघाला, की का निघाला हे कोणी विचारत नाही.

संस्थेची बाजू नाहीच असे नाही. पालकांचीच रोजी बुडाली होती, फी येत नव्हती, पैसा आणायचा कुठून? पण मग आणखी एक गोष्ट आठवते. सूरे कससमध्ये हजरत मूसा मदयनला एका बुजुर्गांकडे मजुरीला राहतात. करार आठ वर्षांचा. दहा पुरी केलीस तर ती तुझ्याकडून, तुला अडचणीत टाकण्याची माझी इच्छा नाही, असा त्या बोलण्याचा आशय आहे. जास्तीची दोन वर्षे मालक मागत नाही, ती मजुराच्या खुशीवर सोडतो. संस्थेने मास्तरांना बसवून जमाखर्च दाखवला असता, राहिलेली रक्कम देणे म्हणून लिहून दिली असती, आणि मग तंगीत साथ द्या म्हटले असते, तर आमच्या स्नेह्यांनी ३,००० वरही शिकवले असते. तसे ते आम्हाला म्हणाले होते. मापात मारणाऱ्यांवर कुरआनात आख्खी सूरत आहे, अल् मुतफ्फिफीन. तराजू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बाजार येतो, शाळेचे कार्यालय येत नाही.

आणि त्या तराजूला हात लावणाऱ्यांत आम्हीही होतो. कागद आम्ही लिहिला. तोच कागद मनात धरून कमिटी बोलली तेव्हा एवढे तरी सांगता आले असते की घरगुती कारण नव्हते, मजकूर आमचा आहे. साक्ष लपवू नये हे आम्ही वर्गात शिकवतो.

पुढे १९७७ चा महाराष्ट्राचा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा वाचताना सातवे कलम दिसले. राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही आणि तारीख घालावी, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवावी, दुसरी स्वतःजवळ ठेवावी. राजीनामे कसे घेतले जातात हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक असल्याशिवाय तारखेचा आणि पोस्टाचा इतका आग्रह आला नसता. कारण खरे लिहावे, असे मात्र त्यांनी कुठे म्हटलेले नाही. ते त्यांनी लिहिणाऱ्यावर सोडले.

स्नेही आता एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहितात. एकदा जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर आम्ही त्यांना हे कलम सांगितले. यादीच्या दिवशी आम्ही गप्प होतो, तेही सांगितले. त्यांनी चपला शोधून पायात घातल्या.

"दुसरी प्रत आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "तुमच्याच अक्षरातली."