काळजाचें दान

कोल्हापुरांत मटणाच्या दुकानीं 'काळीज' मागितलें, तर दुकानदार यकृतच तोलून देतो. कवींनीं आणि कादंबरीकारांनीं हा शब्द हृदयाकडे ओढून नेला. बाजारानें मात्र तो जागच्या जागीं ठेविला आहे. 'काळजाचा तुकडा' हा आपल्या बोलण्यांतील मायेचा प्रयोग आतां शस्त्रवैद्यांनीं अक्षरशः खरा करून दाखविला आहे. निरोगी माणसाच्या यकृताचा भाग कापून रोग्याच्या पोटांत बसवितां येतो, आणि दात्याचें उरलेलें यकृत कांहीं महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्वीच्या आकारास येतें. या अवयवाच्या या विलक्षण गुणामुळेंच एक नवा नीतिप्रश्न आमच्या घरांत येऊन बसला आहे. आपल्या माणसाच्या शरीराचा वांटा मागण्याचा अधिकार कुटुंबास आहे काय?

यकृतरोपणाचा पहिला प्रयत्न १९६३ सालीं डेन्व्हर येथें थॉमस स्टार्झल यांनीं केला, तो मृताच्या यकृतानें. जिवंत दात्याची पाळी त्यानंतर पंचवीस वर्षांनीं आली. त्या वेळची शिकागो विद्यापीठांतील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. तेथील वैद्यांनीं १९८९ च्या ऑगस्टांत या कृत्याच्या नीतिमत्तेची चर्चा करणारा लेख आधीं छापला, आणि नोव्हेंबरांत एका आईच्या यकृताचा भाग तिच्या लहान मुलीस दिला. शस्त्र उचलण्यापूर्वीं जगापुढें त्याचा जबाब देण्याची ही रीति वैद्यकांत विरळाच म्हणावयाची. आपल्याकडे १९९८ सालीं दिल्लीस एका पित्यानें आपल्या चिमुकल्या मुलास असाच भाग दिला. तें मूल पुढें स्वतः डॉक्टर झालें.

आईबापांनीं लेंकरास द्यावें, यांत वादास जागा थोडी. प्रौढ रोग्याची गोष्ट निराळी. त्याला बहुधा यकृताचा उजवा भाग, म्हणजे निम्म्याहून अधिक यकृत, द्यावें लागतें. आणि त्यांत दात्याच्या मृत्यूचा धोका हजारीं दोन ते पांच इतका सामान्यतः सांगितला जातो. आंकडा लहान खरा, पण ज्याला कांहींएक रोग नाहीं अशा माणसाच्या जिवाचा तो आहे. शिवाय आपल्या देशांत मृत्यूनंतर अवयव देणारे दहा लाख वस्तीमागें एकही भरत नाहीं. म्हणून यकृत बहुतेक वेळां जिवंत नातलगाकडूनच येतें.

हा नातलग कोण असतो? १९९५ पासून २०२१ पर्यंत देशांत सर्व अवयवांचीं मिळून ३६,६४० रोपणें झालीं, त्यांपैकीं स्त्रियांच्या वांट्यास आलीं अवघीं ६,९४५. जिवंत दात्यांत मात्र स्त्रियाच अधिक. यकृताचा नाश करणारें मद्यपान पुरुषांत जास्त, म्हणून त्या रोगाचे रोगीही पुरुष जास्त, हें आम्हांस मान्य आहे. सारा फरक अन्यायाच्या खातीं मांडणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु रोगी स्त्री असली म्हणजे घरांतील पुरुष किती पुढें होतात, याचा उलगडा तेवढ्यानें होत नाहीं.

पत्नी आनंदानें देते, असें कोणी म्हणेल. पुष्कळ देतात, आणि त्यांच्या त्यागास हिणविणें हा उद्धटपणा होईल. आमची शंका तिच्या होकाराविषयीं नसून, तिला नकार देतां आला असता कीं नाहीं याविषयीं आहे. वाचकांनीं क्षणभर कल्पना करावी. कोल्हापुराहून नवऱ्यास पुण्याच्या रुग्णालयांत नेलें आहे, सासूबाई आणि भाऊजी बाहेर बाकावर बसले आहेत, आणि रक्तगट जुळल्याचें नुकतेंच कळलें आहे. तिला कोणी कांहीं म्हणत नाहीं. सगळे फक्त तिच्याकडे पाहतात. क्षयाच्या औषधांनीं क्वचित् यकृत एकाएकीं कोलमडतें, तेव्हां तर विचारास धड दोन दिवसही मिळत नाहींत. नाहीं म्हटलें, तर उरलेला जन्म तिला त्याच घरांत, त्याच नजरांपुढें काढावयाचा असतो.

कायद्यास हें दिसलें नाहीं असें नव्हे. १९९४ चा अवयवरोपणाचा कायदा प्रथम महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश व केंद्रशासित प्रदेश यांनाच लागू झाला. आणि २०१४ च्या नियमांत असें घातलें आहे कीं, दाता स्त्री असेल तर अधिक सावधगिरी बाळगावी, आणि तिच्या स्वतंत्र संमतीची खातरजमा रोग्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी. सरकारनें घरांत डोकावूं नये म्हणणाऱ्यांस आम्ही एवढेंच स्मरण देतों कीं, याच करवीरांत शाहू छत्रपतींनीं १९१९ सालीं स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला होता.

पण संमतीचा कागद नजरांचा भार हलका करूं शकत नाहीं. म्हणून कांहीं वैद्य दात्यास एकांतांत भेटतात, आणि त्याचें मन नसेल तर घरच्यांस 'दानास योग्य नाहीं' इतकेंच कळवितात. हें असत्य नव्हे काय? धर्मराजाच्या अर्धसत्याची आठवण येथें कोणासही होईल. आमच्या मतें दोहोंत भेद आहे. द्रोणाचार्यांची फसवणूक व्हावी म्हणूनच तें वाक्य उच्चारलें गेलें. येथें वैद्य 'रक्त जुळत नाहीं' असें म्हणेल तर तो खोटें बोलतो, पण ज्याचें मन तयार नाहीं तो दानास योग्य नाहीं, हें अक्षरशः खरें आहे. कारण सांगण्यास मात्र तो बांधलेला नाहीं. अडचण दुसरीच आहे. रोगीही त्याच वैद्यावर विसंबून असतो, आणि त्याची आशा तेथें तुटते. यास्तव दात्याची बाजू पाहणारा वैद्य रोग्याच्या वैद्याहून वेगळा असावा, असें आम्हांस निश्चित वाटतें. एकाच माणसास दोन जिवांची वकिली पेलत नाहीं.

इतकें करूनही तो रोगी दगावेल, ही गोष्ट गोड करून सांगतां येत नाहीं. त्याला दुसरें यकृत मिळण्याचा मार्ग मेंदू मृत झालेल्यांकडूनच आहे, आणि कोल्हापूर त्या कामीं पुण्याच्या विभागीय केंद्राशीं जोडलेलें आहे. पण अपघातांत गेलेल्या आपल्या माणसाचा देह कापूं देण्यास जें घर रात्रभर राजी होत नाहीं, तेंच घर पुढें कधीं तरी जिवंत सुनेकडे पाहत बाकावर बसलेलें असूं शकतें.