अमानत की मालकी?

जामनेरच्या कांग नदीकाठी लहानाचे मोठे झालेले आम्ही बऱ्हाणपूरला गेलो, की तापीच्या काठावरचा शाही किल्ला पाहून आमची छाती फुगते. फारूकी सुलतानांची ही राजधानी. आम्हा खान्देशी मुसलमानांचे जणू आजोळच! पण पडक्या भिंतींपुढे उभे राहिले, की एक प्रश्न छळतो. हा वारसा ‘आमचा’ म्हणजे नेमके काय?

१६३१ साली मुमताज महल याच शहरात वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत काही महिने तिला दफन करून ठेवले आणि मग आग्र्याला नेले. अशा तात्पुरत्या दफनाला आपल्यात ‘अमानत’ म्हणतात. आम्हांला वाटते, नदीकाठच्या साऱ्या जुन्या वास्तू अशाच अमानत आहेत. मालक आपल्या वस्तूचे हवे ते करू शकतो. अमानत सांभाळणाऱ्याला ती मुभा नसते.

आणि आमचे चुकते ते इथेच. जुन्या मशिदीच्या दुरुस्तीसाठी वर्गणी जमते, नियतही साफ असते. मग चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढतो, कोरीव दगडावर ऑइलपेंट. नदीकाठची ओल जुनी भिंत चुन्यातून बाहेर टाकत असते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि विटा-दगडांचा भुगा होऊ लागतो. प्रेमाने केलेली ही खयानतच नव्हे काय?

कुणी म्हणेल, नमाजींना सोय नको का? जरूर हवी. नळ हवा, पंखाही हवा. पण उद्या काढून घेता येईल अशी सोय वेगळी आणि कायमची मोडतोड वेगळी.

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत राजा अली खान फारूकीने १५९०च्या सुमारास अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरवून घेतला. तिथे नमाज पढणाऱ्या कितीजणांना तो वाचता येत असेल? तरीही चारशेहून अधिक वर्षे ती अक्षरे टिकली. दुसऱ्याचे गाठोडे न सोडता जपावे, तशी ती जपली गेली.

सरकारी फलक लागला की आम्ही ‘सरकारचे’ म्हणून हात झटकतो. दुसऱ्या कुणी हक्क सांगितला की ‘आमचे’ म्हणून उठतो. मधल्या काळात भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप मात्र कुणीच उपटत नाही.

म्हणून पुढच्या वेळी वर्गणीची पावती फाडण्याआधी आम्ही स्वतःला एवढेच विचारावे: हे काम झाल्यावर आमच्या नातवंडांना ही अमानत होती तशी परत देता येईल काय?