यहूदाची जामीनकी

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ साली बांधलेलं ‘शाआर हाशामाइम’ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल ज्यूंची भारतातली मोठी वस्ती आज ठाण्यातच आहे. तिथे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास एका शनिवारी तोरा या धर्मग्रंथातला जो भाग वाचतात, त्यात एक भाऊ दुसऱ्या भावासाठी दिलेली जामीनकी निभावतो.

गोष्ट दुष्काळातली. मिसर देशाचा अधिकारी धाकट्या बन्यामीनाला आणल्याशिवाय धान्य देणार नाही. म्हातारा बाप याकोब या मुलाला सोडायला तयार नाही. थोरला मुलगा रऊबेन म्हणतो, याला परत आणलं नाही तर माझे दोन मुलगे मारून टाका! याकोब नकार देतो. तोरावरच्या जुन्या भाष्यकारांनी, म्हणजे मिद्राशकारांनी, त्याच्या तोंडी रोखठोक उत्तर घातलं आहे: काय मूर्ख थोरला हा, त्याचे मुलगे माझे कुणी नाहीत का?

मग दुसरा भाऊ यहूदा पुढे येतो. मी याचा जामीन, माझ्याकडून मागा. आणला नाही तर जन्मभर तुमचा अपराधी. पूर्वी आपलाच भाऊ योसेफ याला वीस रुप्याच्या नाण्यांना विकायची कल्पना याच यहूदाची होती, आणि मिसरचा तो अधिकारी म्हणजे योसेफच. बन्यामीनाच्या गोणीत अधिकाऱ्याचा चांदीचा प्याला सापडतो, तेव्हा त्याच्याऐवजी मला गुलाम करा, असं यहूदा सांगतो. रऊबेनाने मुलांचा जीव पुढे केला होता, यहूदाने स्वतःला. याकोबाला हाच फरक पटला असावा.

तालमूद या ज्यू धर्मशास्त्रग्रंथाचे कर्ते मात्र यहूदाला सहज सोडत नाहीत. बन्यामीन सुखरूप परतला, तरी सशर्त का होईना, यहूदाने स्वतःवर शाप ओढवून घेतलाच होता. म्हणून पुढे मिसर सोडून निघालेल्या वंशजांच्या रानातल्या चाळीस वर्षांच्या वाटचालीत त्याची हाडं शवपेटीत गडगडत राहिली, आणि त्यांचा नेता मोशे याने रदबदली केल्यावरच ती शांत झाली!

पुढे या भावनेतून कायदा काढायची वेळ आली. जामीनदार बांधला जातो याला आधार काय? तालमूदाच्या ‘बावा बात्रा’ या भागात धर्मपंडित राव हूना यहूदाकडेच बोट दाखवतो. राव हिस्दा आक्षेप घेतो: यहूदाने बन्यामीनाला थेट स्वतःच्या ताब्यात घेतलं होतं, ही साधी जामीनकी नव्हे. मग आधार बायबलमधल्या नीतिसूत्रांतून शोधला जातो. गंमत अशी, की तीच नीतिसूत्रं परक्यासाठी जामीन राहू नकोस, असं पुनःपुन्हा बजावतात.

पण ज्याला पैसा मिळालाच नाही, त्याने फेडायचं कशासाठी? राव आशीचं उत्तर या साऱ्या चर्चेत सर्वांत मार्मिक आहे. सावकाराने आपल्या शब्दावर विश्वास टाकला, या समाधानापोटी माणूस मनापासून स्वतःला बांधून घेतो. मेहुण्याच्या कर्जाच्या कागदावर सही करताना जरा ताठ बसणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

नात्याचा विचारही तिथेच आहे. बायकोला विवाहकरारानुसार द्यायच्या रकमेसाठी कुणी साधा जामीन राहिला, तर तो देणं लागत नाही. पण मुलासाठी बाप जामीन राहिला, तर लागतो. बाप मुलासाठी खरोखरच स्वतःला बांधून घेतो, असं मानलं गेलं. दुसरीकडे ‘सारे इस्राएल एकमेकांचे जामीन’ हे तालमूदातलं सूत्र पैशांपलीकडे जाऊन पापपुण्यालाही लागू झालं.

तरीही तालमूदाचा पाया असलेल्या मिश्ना या संहितेने जामीनदाराला एक ढाल दिली. सावकाराने आधी कर्जदाराकडे जायचं. ‘हवं त्याच्याकडून वसूल करीन’ अशी अट आधीच घातली असेल तर गोष्ट वेगळी. आणि कर्जदाराकडे मालमत्ता असेल तर रब्बान शिमोन बेन गमलिएल ही अटदेखील मानत नाही.

डोंबिवली नागरी (१९७०), ठाणे जनता (१९७२) आणि कल्याण जनता (१९७३) या सहकारी बँका ठाण्याच्या ज्या पट्ट्यात वाढल्या, तिथल्या नोकरदार घरांना जामीनदाराची सही नवी नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १२८ जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरतं. बँकेने आधी कर्जदाराकडेच जावं, असं बंधन नाही. म्हणजे आपला कायदा मिश्नापेक्षा यहूदाच्या शब्दाला जवळचा, आणि जामीनदाराला जास्त कठोर. करारात वेगळं ठरवायची मुभा मात्र तेच कलम देतं. तेव्हा भावासाठी सही करण्याआधी जामीनपत्रातली वसुलीची अट तेवढी वाचून घ्या.