सोयरीक, रक्ताचा रिपोर्ट आणि खरं बोलणं

॥ श्री सद्गुरू प्रसन्न ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर आपल्या ग्रुपवर एका ताईंनी प्रश्न टाकला. मुलीची सोयरीक पैनगंगेच्या पल्याड जुळत आली आहे. मुलीच्या रक्ताच्या तपासणीत ‘सिकलसेल वाहक’ असं निघालं. ताईंनी विचारलं, मुलाकडच्यांना हे सांगावं का? नाही सांगितलं तर पाप लागेल का?

तासाभरात चाळीसेक उत्तरं आली. कुणी म्हणालं, लग्न झाल्यावर सांगा. कुणी म्हणालं, हे प्रारब्ध आहे, रक्त तपासणं म्हणजे देवावर अविश्वास. एका दादांनी जडीबुटीचा पत्ता दिला. दोघा-तिघांनी नुसते हात जोडले. ताईंनी रिपोर्टचा फोटोही टाकला होता, तो ॲडमिननी लगेच काढून टाकला, हे फार बरं केलं. पोरीच्या रक्ताचा कागद अडीचशे मोबाइलांत फिरायचं कारण नाही.

प्रश्न मात्र ताईंच्या एकट्यांचा नाही. आपल्या आदिलाबाद भागात आणि पलीकडे किनवट, माहूर, पांढरकवडा, राजुरा, जिवतीत हा आजार घरोघरी ऐकू येतो. गोंड, कोलाम, परधान बांधवांत आहे, आणि विदर्भातल्या अनुसूचित व इतर मागास समाजांतही आहे. ‘तो त्यांचा आजार’ असं म्हणून कुणी हात झटकू नयेत. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतात तो आढळल्याचं १९५८ साली छापलं, म्हणजे माहिती होऊन साठहून जास्त वर्षं झाली. तरी सोयरिकीच्या बैठकीत हा शब्द निघाला की माणसं अजून खाली बघतात.

आधी आजार नीट समजून घेऊ. रक्तातल्या लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं, ते प्राणवायू वाहून नेतं. ते कसं घडवायचं याची एक सूचना आईकडून येते, एक बापाकडून. त्या सूचनेत एका ठिकाणी एकच कण बदललेला असतो. दोन्ही सूचना बदललेल्या असतील तर पेशी प्राणवायू सोडल्यावर कडक होते, विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते. मग हाडं फुटल्यासारखी दुखतात, रक्त कमी होतं. चांगली लाल पेशी चार महिने जगते, ही जेमतेम दहा-वीस दिवस. थंडी लागली, पाणी कमी पडलं, ताप आला, फार थकवा आला की दुखणं उठतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हुडहुडी भरते आणि मे महिन्यात घशाला कोरड पडते. म्हणजे ह्या लेकरांना दोन्ही ऋतू वैरी.

एकच सूचना बदललेली असेल तर माणूस ‘वाहक’. त्याला सहसा काही त्रास होत नाही. शेतात राबतो, वारी करतो, म्हातारा होतो. ताईंची मुलगी अशी आहे. ती आजारी नाही, हे ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना कळलंच नाही.

आता कर्माचं बघू, कारण आपल्या सत्संगात ही गोष्ट तिथेच येऊन अडकते. मागच्या जन्मीचं काहीतरी असेल म्हणून ह्या घराला हा रोग लागला, असं बोलतात. १९५४ साली अँथनी ॲलिसन नावाच्या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेतला एक अभ्यास छापला. जिथे मलेरिया फार, तिथे सिकलसेलचे वाहक जास्त, असं त्याला दिसलं. पुढे बऱ्याच संशोधनांनी ते पक्कं झालं. एक बदललेली सूचना असलेलं लेकरू जीवघेण्या मलेरियातून वाचण्याची शक्यता जास्त असते. हिवतापाने गावंच्या गावं ओस पडायची त्या काळात रानातली लेकरं कुणामुळे तगली असतील, याचा विचार करा. ज्याला आपण ‘दोष’ म्हणतो ती आजोबा-पणजोबांच्या अंगावरची ढाल होती. तिची किंमत चुकवतं ते लेकरू, ज्याच्या वाट्याला दोन्हीकडून ढाल येते.

मग सांगा, हे कुणाचं पाप? मला तर यात पाप कुठे सापडत नाही. एकाच्या रक्षणाचा भार दुसऱ्याच्या अंगावर आलाय. असं असेल तर त्या लेकराचं आपल्या सगळ्यांवर ऋण आहे. कर्माचा सिद्धांत मी मानतो. पण तो आपल्याला स्वतःकडे बघायला दिलेला आहे, शेजाऱ्याच्या दुखण्याची मोजदाद करायला नव्हे. दुसऱ्याच्या तापलेल्या पोराकडे बघून ‘त्याचं कर्म’ म्हणणारा माणूस त्या क्षणी स्वतःचं नवं कर्म करत असतो, हे त्याला कळत नाही.

‘देवावर अविश्वास’ म्हणणाऱ्या दादांना एक विचारतो. आपण पत्रिका बघतो की नाही? एकनाडी निघाली तर संततीला बाधा म्हणून थांबतो. गोंड बांधव चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे बघतात, एकाच देवाच्या घरांत सोयरीक करत नाहीत. केस्लापूरला नागोबाच्या जत्रेत मेस्राम घराण्याच्या नव्या सुनांची देवाशी ‘भेटिंग’ होते, तेव्हाच त्या घरच्या म्हणून मानल्या जातात. म्हणजे लग्नाआधी-नंतर विचारपूस, ओळख, पडताळणी आपल्या सगळ्यांच्याच रीतीत आहे. पुढच्या लेकराचं बरं व्हावं हीच त्यामागची इच्छा. मग बोटावरच्या रक्ताच्या थेंबाने देव कसा रागावेल? नाडी बघताना श्रद्धा आडवी येत नाही आणि रक्त बघताना येते, यात मला भीती जास्त दिसते, भक्ती कमी.

आता ताईंचा मूळ प्रश्न. सांगावं की नाही?

छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबालाची गोष्ट आहे. त्याला गुरूकडे शिकायला जायचं होतं. गुरू गोत्र विचारणार, म्हणून त्याने आईला विचारलं. आईने आडपडदा न ठेवता सांगितलं की तुझं गोत्र मला ठाऊक नाही. पोराने गौतम ऋषींपुढे उभं राहून जसंच्या तसं ते सांगितलं. त्या खरं बोलण्यावरच ऋषींनी त्याला पदरात घेतलं. आपण ही गोष्ट पोराच्या धैर्याची म्हणून सांगतो. मला त्यात त्या आईचं धैर्य मोठं वाटतं. जन्माबद्दलची अडचणीची गोष्ट तिने पोरापासून झाकली नाही, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

म्हणून ताई, सांगावं. पाप लागेल म्हणून नव्हे. उद्या जे लेकरू येईल त्याच्या रक्ताची गोष्ट आहे, आणि त्याला आज बोलता येत नाही. त्याच्या वतीने दोन्ही घरांनी एकमेकांशी खरं बोलायला हवं.

पण इथे एक गोष्ट मला सलते. सांगायची वेळ नेहमी मुलीकडच्यांवरच का येते? ताईंच्या मुलीची तपासणी झाली म्हणून तिचं कळलं. मुलाचं काय? त्याने तर तपासणीच केलेली नाही. न तपासलेला मुलगा ‘चांगला’ आणि तपासलेली मुलगी ‘दोषी’, हा कुठला न्याय? जिने खरं शोधलं तिलाच नाकारायचं ठरलं, तर उद्या कुणी तपासायलाच जाणार नाही. म्हणून माझं म्हणणं, दोघांची तपासणी व्हावी आणि दोन्ही रिपोर्ट एकाच बैठकीत समोर यावेत. झटपट तपासणीत ‘सिकल आहे’ एवढंच कळलं तर वाहक की रोगी हे ठरवायला दुसरी तपासणी लागते, ती करूनच बोलावं. मुलगा साधा निघाला तर त्यांच्या एकाही लेकराला हा आजार होणार नाही. फार तर काही लेकरं आईसारखी वाहक होतील. अशी सोयरीक मोडणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा.

अवघड आहे ते दोघंही वाहक निघाले तर. मग प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी लेकराची, दोन वाहकाची, एक अगदी साध्या लेकराची. आणि हे दर खेपेला नव्याने. पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. तो गैरसमज फार घरांत आहे.

अशा वेळी काय करावं? काही घरं सोयरीक थांबवतील. त्यांना निर्दय म्हणू नये. काही पोरं-पोरी म्हणतील, आमचं मन जुळलंय. त्यांनाही मूर्ख म्हणू नये. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत मोठ्या दवाखान्यात गर्भाची तपासणी होऊ शकते. पण पुढे काय, हा प्रश्न त्या आईच्या काळजाला हात घालतो. गर्भाविषयी आपल्या लोकांचे भाव काय आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, आणि कायदा तिला कोणता अधिकार देतो हेही खरं आहे. मी त्यावर निकाल देणार नाही. एवढंच म्हणेन की लग्नाआधी कळलं तर निवड मोकळेपणी होते, आणि पोटात बाळ असताना कळलं तर तीच निवड रडत करावी लागते.

आणखी एक. ‘असली लेकरं जन्मालाच येऊ नयेत’ असं कृपा करून ग्रुपवर लिहू नका. आपल्या ह्याच ग्रुपमध्ये अशा लेकरांच्या आया आहेत, आणि मोठी झालेली ती लेकरंही हे मेसेज वाचतात. अष्टावक्राचं अंग आठ ठिकाणी वाकडं होतं, राजसभा हसली, आणि जनकाने त्याच्याकडून ज्ञान घेतलं. आजार येऊ नये म्हणून झटणं आणि आजारी माणसाला नको म्हणणं, यातलं अंतर आपल्या जिभेला कळलं पाहिजे.

आता नव्या संशोधनाचं, कारण बऱ्याच जणांनी त्याचे व्हिडिओ पाठवलेत. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते वाकत नाही. म्हणून आजार असूनही बाळ पहिले पाच-सहा महिने ठणठणीत दिसतं. मग शरीर ते बनवणं जवळजवळ बंद करतं. शास्त्रज्ञांनी ते बंद करणारी कळ शोधली. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून, त्यांच्यात बदल करून, परत शरीरात सोडल्या की गर्भातलं ते रक्त पुन्हा बनू लागतं. आईच्या उदरातलं रक्त मोठेपणी पुन्हा जागं करायचं, हे ऐकून मी तर हात जोडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने ह्या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत किंमत ठेवली बावीस लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या घरात. उपचारही सोपा नाही, आधी जड औषधांनी हाडातला जुना मगज रिकामा करावा लागतो.

हा आजार जगात जास्त कुणाला? बहुतेक गरिबांना. आणि इलाज कुणाला परवडणार? ज्ञान मिळालं तरी ते पोचलं नाही तर ते कुणाचं म्हणायचं, हा प्रश्न मला छळतो. दिल्लीच्या आयजीआयबी ह्या सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञ आपल्या देशात, आपल्या खिशाला झेपेल असा असाच उपचार घडवत आहेत. बिरसा मुंडांच्या नावावरून त्याला ‘बिरसा १०१’ असं नाव दिलंय. तो अजून दवाखान्यात मिळण्याच्या टप्प्यावर आलेला नाही. कुणी पैसे मागून ‘लगेच करून देतो’ म्हणालं तर फसू नका.

पण आज, आत्ता, एक साधी गोळी आहे. हायड्रॉक्सियुरिया. तीही गर्भातलं हिमोग्लोबिनच वाढवते. १९९५ साली छापलेल्या मोठ्या अभ्यासात तिने मोठ्या माणसांच्या दुखण्याच्या खेपा जवळपास निम्म्यावर आणल्या होत्या. ती डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायची, मधूनमधून रक्त तपासायचं, आणि मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील तर नवरा-बायको दोघांनीही डॉक्टरांना आधी विचारायचं. दुखणं थांबलं की आपली माणसं गोळी सोडून देतात, हेच मोठं दुखणं आहे. आपले बाबा कुणाला औषध बंद कर म्हणालेत, असं मी आजवर ऐकलं नाही. अंगारा कपाळाला लावा आणि गोळी पाण्याबरोबर घ्या. भरपूर पाणी प्या, लेकराला थंडीत गरम ठेवा, लसी चुकवू नका. ताप चढला, छातीत दुखलं, धाप लागली, तोंड वाकडं झालं किंवा हातपाय लुळा पडला, तर जपाला बसू नका. गाडी काढा.

१ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या सरकारी मोहिमेत आदिवासी भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आहे, आणि त्यात तेलंगणाही आहे. आपल्या मंडलात तपासणी कधी, कुठे होते ते आशा ताईंना किंवा सिस्टरला विचारा. उपवर मुलं-मुली असलेल्या घरांनी आधी विचारा. कार्ड मिळालं तर पत्रिकेच्या पाकिटातच ठेवा.

ताईंनी परवा मला फोन केला होता, त्यांच्या परवानगीने लिहितो. त्यांनी मुलाकडच्यांना सांगितलं. तिकडचे मामा थोडे तापले, पण मुलगा स्वतः म्हणाला की मीही तपासून घेतो. त्याचा रिपोर्ट यायचाय. तो आला की काय करायचं ते त्या दोन घरांनी ठरवायचं आहे. ग्रुपवर कुणी ‘काय झालं, काय झालं’ विचारू नये ही विनंती.

जय गुरुदेव.