एक रुपया ऐंशी पैसे

नैतिक प्रश्न उभा राहायला फार मोठी जागा लागते, असा माझा समज होता. निदान कुरुक्षेत्राएवढी तरी. माझ्यापुढे तो सहा इंची पडद्यावर उभा राहिला, आणि तोही डबा खाण्याच्या सुट्टीत.

त्याचे असे झाले. आमच्या दोन खोल्यांत पुस्तके इतकी झाली, की "एक तर ती राहतील, नाही तर मी," असे सौ.ने जाहीर केले. उत्तर द्यायला मी जरा वेळ लावला, त्याचे परिणाम आठवडाभर भोगले. शेवटी तडजोड म्हणून ई-रीडर घ्यायचे ठरले. हजारो पुस्तके पोटात, वजन पाव किलोच्या आत, आणि झटकायला एक फडके पुरे.

पण घ्यायचा कोणता? मी सवयीप्रमाणे किमतींचा तक्ता मांडला. भाच्याने तो बाजूला सारला.

"मामा, किंमत काय बघता? पुस्तक कुठल्या दारानं आत जातं ते बघा."

पुढचे दार कंपनीच्या दुकानाचे. बटण दाबा, पैसे भरा, पुस्तक आत. मागचे दार आपले. संगणकाला वायर जोडायची आणि आपल्याजवळची फाइल आत सोडायची. याला साइडलोडिंग म्हणतात. काही यंत्रांचे हे दार सताड उघडे असते, काहींचे किलकिले.

मागच्या दाराने काही घेणे आमच्या घराण्यात नाही, असे मी बाणेदारपणे म्हटले. तेव्हा भाच्याने २००९ सालची हकीकत सांगितली. अ‍ॅमेझॉनने किंडलवर विकलेले एक पुस्तक गिऱ्हाइकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतले. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, म्हणे. पैसे परत दिले, मागाहून माफीही मागितली. पुस्तक कोणते, तर जॉर्ज ऑर्वेलचे 'नाइन्टीन एटी-फोर'! सरकार घराघरांत डोळे लावून बसते, त्या गोष्टीचे. मायक्रोसॉफ्टने तर २०१९ साली पुस्तकांचे दुकानच बंद केले, आणि विकलेली पुस्तके पैसे परत करून नाहीशी केली. कारण पुढच्या दाराने आपण घेतो ते बहुधा पुस्तक नसतेच; पुस्तक वाचण्याचा परवाना असतो.

बँकेतल्या माणसाला हे झोंबते. आमच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आमची, एक खातेदाराची. दोन्ही किल्ल्या आमच्याकडे, आणि तुमच्या पाटल्या आम्हाला वाटेल तेव्हा काढून पैसे खात्यात जमा करू, असे आम्ही म्हटले तर? काचा फुटतील. मी मागचे दार सताड उघडे असलेले यंत्र घेतले.

आता दार आहे म्हटल्यावर कोणी तरी येणारच. आले आमचे हेडकॅशियर. बँकेच्या संगणकाला पेनड्राइव्ह लावायला बंदी, म्हणून तो थालीपिठाच्या डब्याखालून आला.

"चार हजार मराठी पुस्तकं आहेत. फुकट!"

"पण ही चोरी नाही का?"

"चोरी कसली? आपण पुस्तक उसनं देतो, त्यातलंच हे."

एवढी वर्षे नोटा मोजणाऱ्या माणसाने असे बोलावे याचे मला वाईट वाटले. नोट उसनी देणे वेगळे आणि नोट छापून देणे वेगळे. पहिलीला मैत्री म्हणतात, दुसरीला रिझर्व्ह बँक लागते. हे मी त्यांना सुनावले. पेनड्राइव्ह मात्र परत केला नाही. माणसाचा स्वभाव, दुसरे काय!

घरी बसून मी चार हजारांची छाननी केली. आपल्याकडे लेखक गेल्यानंतरचे वर्ष धरून साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून चिमणराव माझ्याकडे उजळ माथ्याने राहू शकतात. गडकरी, कोल्हटकर तर केव्हाचेच मोकळे. पु. ल. गेले २००० साली. त्यांच्यासाठी २०६१ पर्यंत थांबणे आले. तेव्हा मी ऐंशीच्या पुढे असेन आणि अक्षर कितीही मोठे केले तरी दिसणार नाही. त्यांची पुस्तके दुकानात मिळतात, विकत आणावी.

पण एक पुस्तक कुठल्याच रकान्यात बसेना. कथासंग्रह. चाळीसेक वर्षांपूर्वीचा, पुन्हा न छापलेला, दुकानात नाही, पुढच्या दारावर नाही. आणि लेखक हयात! नुसते हयात नव्हे, आमच्याच शाखेचे खातेदार. दर महिन्याला पासबुक भरून घ्यायला येतात आणि रॉयल्टी आली का ते चष्मा वर करून बघतात. किती येते ते सांगणार नाही; खातेदाराची गुप्तता पाळावी लागते. लाजही वाटते.

पुस्तक मी दोन रात्रींत वाचून काढले. फार चांगले होते, हीच अडचण. वाईट असते तर मनाला टोचणी लागली नसती.

पुढच्या महिन्यात ते आले. मला राहवले नाही.

"साहेब, तुमचा कथासंग्रह वाचला. छान आहे हो."

त्यांचा चेहरा उजळला. "कुठं मिळाला तुम्हाला? माझ्याकडेसुद्धा प्रत नाही. शेवटची एका स्नेह्यांनी वाचायला नेली. माणूस चांगला ओळखीचा, त्यामुळे परत मागता आली नाही."

डब्याची सुट्टी झालीच होती. मी खणातून यंत्र काढून त्यांच्या हातात दिले आणि सगळे कबूल केले. ते आडवे धरून, पान मोठे करून वाचू लागले. कोणत्या तरी वाचनालयाचा शिक्का होता. एका पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलेला, अर्थात साक्षांकन नसलेला. समासात कोणी तरी पेन्सिलीने लिहिले होते, 'हे खरे आहे'. त्या दोन शब्दांवर, चुकलो, तीन शब्दांवर ते बराच वेळ थांबले.

"किती जणांकडे असेल हे?"

"शेकडो असतील."

"आमची आवृत्ती हजाराची होती. निम्मी रद्दीत गेली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी आता रागवायला पाहिजे, नाही का?"

मी काय सांगणार? राजरोस उसन्या नेणाऱ्याने त्यांची शेवटची प्रत बुडवली होती, आणि चोरून छापणाऱ्याने पुस्तक जिवंत ठेवले होते. जमाखर्च कसाही मांडला तरी ताळा जुळेना.

"किंमत बारा रुपये होती," तेच म्हणाले. "मला शेकडा पंधरा. एक रुपया ऐंशी पैसे काढा!"

मी दोन रुपयांचे नाणे पुढे केले. ते खिसे चाचपू लागले. मी म्हटले, "राहू द्या साहेब, पंचवीस पैशांपर्यंतची नाणी २०११ सालीच चलनातून गेली."

"मग वीस पैसे तुमचे माझ्याकडे राहिले," ते म्हणाले, आणि फाइल मागून घेतली. ज्याचे त्याला देताना माझा हात मुळीच कापला नाही.

तेव्हापासून मी एक वही घातली आहे. ज्या रकमेचे काय करायचे ते कळत नाही, ती बँकेत सस्पेन्स खात्यात टाकतात. दुकानात न मिळणारे, हयात लेखकाचे पुस्तक वाचले की त्याचे नाव आणि देणे मी त्या वहीत लिहितो. लिहिले म्हणजे फिटले असे नव्हे, हे मला कळते. पत्ता लागेल त्याला देतो. आतापर्यंत दोघांचा लागला. बाकीचे अंगावर आहेत. रक्कम वाढत चालली आहे आणि ऑडिटर केव्हा येईल त्याचा भरवसा नाही.

आल्यावर एवढेच दाखवीन, की सगळीच बाजू देण्याची नाही. वीस पैसे येणेही आहेत.