नाव ठेवण्याआधी

बाळाला नाव ठेवतात तेव्हा घरात पेढे वाटतात. माणसाला नावे ठेवतात तेव्हा आधी दार लोटून घेतात. एका मात्रेचा काय तो फरक! पण ज्याला नाव मिळते त्याला कोणी काही विचारलेले नसते, हे दोन्हीकडे सारखेच.

हा विचार मनात आला तो एका रानफुलामुळे. जव्हारपलीकडे, लेंडी नदी जिथे कड्यावरून उडी घेते त्या दाभोशाच्या बाजूला, पावसाळ्यात न पेरलेलेच अधिक उगवते. शाळेच्या परसबागेत कारल्याच्या मांडवाशेजारी अशीच एक वेल कुंपणावर चढली. तिच्या पानाचे टोकच दोऱ्यासारखे वळून आधार धरीत होते. फूल उमलले ते हिरवट पिवळे. मग ते नारिंगी झाले, मग लालभडक. सहाही पाकळ्या मागे वळलेल्या, चुलीतल्या जाळासारख्या. कोणी म्हणाले, ‘‘तण आहे, उपटा.’’ एका मुलाची आजी कुंपणाशी थांबली आणि म्हणाली, ‘‘कळलावी ती. घरात नेऊ नका, भांडणं होतात.’’

कळ म्हणजे वेदना आणि कळ म्हणजे भांडणही. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीसाठी सुइणी हिचा कंद वापरीत. ज्याने फूल पाहिले त्याने तिला अग्निशिखा म्हटले. ज्याने जमीन खणून नांगरासारखा कंद पाहिला त्याने लांगली म्हटले. स्वीडनच्या लिनेअसने 1753 साली तिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ असे थाटाचे नाव दिले. वेल एकच, पण प्रत्येक नावात वेलीपेक्षा पाहणाराच अधिक दिसतो.

मग ‘तण’ या नावात कोण दिसतो? ज्याला नुसती कारली हवी आहेत तो! तमिळनाडूत हीच वेल शेतात मुद्दाम लावतात, तिच्या बिया औषधासाठी विकतात. त्या राज्याचे ते राज्यपुष्पच आहे. म्हणजे तण ही वनस्पतीची जात नव्हे, आपल्या गरजेचा तो निवाडा आहे.

पण इतके म्हणून सुटका होत नाही. कळलावी विषारी आहे. तिच्यातले कोल्चिसिन वैद्याच्या हाती गाउटवरचे औषध होते आणि अजाण पोटात गेले तर जीव घेते. कंद रताळे समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. जिथे मुले खेळतात तिथे ती ठेवावी काय?

आम्ही ठेवली. कारण परसबागेतून उपटली तरी रानातून ती जाणार नाही, आणि मुले रोज रानातूनच शाळेत येतात. शिवाय पावसाळा सरला की वेल वाळून नाहीशी होते. कंद मात्र मातीखाली तसाच राहतो. तेव्हा ओळखायला फूल नसते, पान नसते. उरते ते फक्त ऐकलेले नाव. म्हणून मुलांना फूल, पान, कंद सगळे दाखविले, हात लावू दिला नाही, आणि आजीचे नाव फळ्यावर लिहिले: कळलावी. पुस्तकातले त्याखाली.

माणसांच्या बाबतीत आपण इतकी तसदी घेतो का? शहरातून धबधबा पाहायला येणारा पाहुणा इथल्या साऱ्यांना ‘आदिवासी’ या एका शब्दात बसवितो. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी हे वेगवेगळे आहेत, हे विचारल्यावाचून कसे कळावे? कातकरी हे नावही खैराचा कात पाडण्याच्या धंद्यावरून पडले. तो धंदा त्यांच्या हातून केव्हाच गेला, नाव तेवढे राहिले.

नाव ठेवल्यावाचून जगात चालायचे नाही. धोकासुद्धा नावानेच सांगावा लागतो. मात्र नाव ही ओळखीची सुरुवात असते. आपण बहुधा तिथेच थांबतो आणि उपटायला हात घालतो. नाव ठेवण्याआधी निदान एक पावसाळा पाहावे, आणि जे तिथे आपल्याआधीपासून राहतात त्यांना विचारावे.