उजेडाचा फास

चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळी-मक्यात रात्री रानडुकरं उतरतात आणि बॅटरी कपाळावर बांधावी की हातात धरावी, झोत किती लांब जावा, याचा खल सुरू होतो. माझ्या मते प्रश्न धर्माचा आहे. दशरथाने अंधारात आवाजावर बाण सोडला आणि श्रावण गेला. हाती झोत असता तर तो वाचला असता, असं कुणी म्हणेल. खरंच आहे, काय मारतोय हे न पाहता मारण्याचं पाप उजेड टाळतो. पण हरणाच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा पडदा असतो. डोळे चमकतात, हरीण दिपून जागीच थिजतं. (डुकराला तो पडदाच नाही, म्हणजे चमकले ते डोळे बहुधा भलत्याचेच.) जो उजेड शिकाऱ्याला दृष्टी देतो, तोच सावजाची हिरावतो. महाभारतात मृगरूपातल्या किंदम ऋषीचा पंडूवरचा आक्षेपही शिकारीला नव्हता, समागमाची घटका साधून मारण्याला होता.

पीक गेल्यावर धर्म काय खायचा, हा शेतकऱ्याचा सवाल खोटा नाही. त्याने झोत जरूर घ्यावा, राखणीसाठी, हाकलण्यासाठी. बंदुकीवर बांधलेला झोत वेगळा. परवानगीवाचून शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग बॅटरी कुठलीही असो.